नाक भोरचं, फेटा वेल्ह्याचा

वेल्ह्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या पेठेत पहिला प्रश्न येतो, "कशाला?" काशीहून आलेल्याच्या पाया पडतात, विलायतेहून आलेल्याच्या गळ्यात हार घालतात, वेल्ह्याहून आलेल्याला मात्र 'कशाला' एवढंच विचारून लोक पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतात. तोरणा किल्ला इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी जिंकलेला आहे. त्याच्या पायथ्याशी गाव असेल आणि त्या गावात माणसं जेवतखात असतील, हे कुणाच्या ध्यानातच नसतं.

तर कशाला ते सांगतो. आम्ही तिथे एक फ्रेंच नाटक घेऊन गेलो होतो. हे ऐकल्यावर लोक वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि 'कशाला' दुप्पट जोरानं विचारतात.

मी शाळामास्तर. कॉलेजात सगळ्यांनी संस्कृत घेतलं म्हणून मी हट्टानं फ्रेंच घेतलं, आणि त्या भाषेचा पुण्यात काडीचा उपयोग नाही हे कळायला मला बारा वर्षं लागली. त्या भाषेत तलवारबाजीचं एक फार नावाजलेलं नाटक आहे. तिकडच्या रंगभूमीवर ते कधीचं चाललंय, त्याची पडद्यावरची चित्रंही निघाली. त्यातलाच एक मूकपट मी पुण्यात पाहिला. नायक असा, की बोलता बोलता लढतो आणि लढता लढता कविता करतो. आणि चित्र मुकं! दोन तास तो बिचारा ओठ हलवत होता आणि खाली पेटीवाला भूप वाजवत होता. मला त्याची इतकी कणव आली, की घरी येऊन मी ते नाटक मराठीत करायला घेतलं.

आमच्या मराठी रूपाचं नाव 'सरदार गरुडराव'. गरुडराव शूर, विद्वान, पण त्याचं नाक असं की खोलीत आधी नाक येतं आणि मागाहून गरुडराव. केतकीवर त्याचं प्रेम, पण नाकापायी तो तोंड उघडत नाही. केतकीचं मन विलासराव नावाच्या देखण्या शिपायावर, आणि त्या विलासरावाला चार शब्द धड जुळवता येत नाहीत. मग गरुडरावच त्याची पत्रं लिहून देतो, रात्री केतकीच्या सज्जाखाली अंधारात लपून विलासरावाच्या वतीनं बोलतो आणि लग्न जमवून देतो. चौथ्या अंकात विलासराव लढाईत पडतो. पाचव्या अंकात, पंधरा वर्षांनी, डोक्याला मार लागलेला गरुडराव केतकीला भेटायला येतो आणि तिनं जपून ठेवलेलं विलासरावाचं शेवटचं पत्र मोठ्यानं वाचतो. वाचता वाचता अंधार पडतो, अक्षर दिसेनासं होतं, तरी तो वाचतच राहतो. तेव्हा तिला कळतं की पत्रं लिहिणारा हाच. मग तो मरतो.

हा पाचवा अंक म्हणजे माझा जीव. पहिले चार मी केले ते पाचव्यापर्यंत पोचण्यासाठी. पुण्यात दोन प्रयोग झाले आणि दोन्ही वेळा, पाचव्या अंकात अण्णा मरायला लागले की लोक चपला शोधायला उठले.

अण्णा म्हणजे आमच्या हौशी मंडळींचे चालक आणि गरुडराव. आवाज नगाऱ्यासारखा, नाक मात्र साफ बसकं, त्यामुळे वरून नाक लावावं लागतं. दुसऱ्या प्रयोगानंतर ते मला म्हणाले, "मास्तर, मी मरतोय आणि माणसं आपल्या चपला कुठल्या ते बघतायत. मला हे सोसत नाही."

"माणसं पुण्याची आहेत, अण्णा. त्यांना कुणाचं मरणही वेळेवर आटोपलेलं लागतं."

"मग भोर आणि वेल्हे, एवढे दोन प्रयोग तुम्हाला देतो. तिथे लोक शेवटपर्यंत बसले तर अंक राहील. उठले, तर गेला. विलासरावाला चौथ्यात जिवंत ठेवू, तिसऱ्यातलं लग्न तिथे आणू, अक्षता टाकू, पडदा!"

गरुडरावाच्या नाटकाचा शेवट अक्षतांनी! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, "एक माणूस मरायचा वाचतोय." ती म्हणाली, "मग चांगलंच की."

भोर, शुक्रवार

कात्रजचा घाट चढून सर्व्हिस मोटार भोरकडे निघाली तेव्हा मोटारीत आम्ही नऊ जण होतो आणि टपावर तीन ट्रंका. त्यातल्या एका ट्रंकेत गरुडरावाचं नाक होतं. कागदाच्या लगद्याचं, वरून मेणाचा हात दिलेलं, पुण्याच्या एका मूर्तिकारानं गणपतीच्या मोसमानंतर फुरसतीनं केलेलं. चैत्राचं ऊन काय चीज असतं याचा विचार आमच्या नवांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

भोर हे संस्थानाचं गाव. नीरेचं पाणी, घाट, देवळं, राजवाडा, आणि रस्त्यानं चालणारी माणसं पुण्यापेक्षा निदान दुप्पट सावकाश. पुण्यात माणूस घाईत नसला तरी घाईत असल्यासारखा चालतो. इथे कचेरीला उशीर झालेला कारकूनही रमतगमत जाताना पाहिला. उतरल्याबरोबर आंबेमोहराचा भात आणि आमटी असं जेवण झालं. भाताचा वास ओसरीपर्यंत येत होता. त्या वासानं अण्णांनी चौथ्यांदा भात घेतला आणि मग ट्रंक उघडली.

नाक वितळलं नव्हतं. वितळलं असतं तर बरं, असं त्याचं झालं होतं. टोक खाली वळून हनुवटीकडे पाहत होतं. अण्णांनी ते लावून पाहिलं. केतकीचं काम करणारा आमचा गोविंद उपरण्यात तोंड लपवून हसायला लागला. तो पोस्टात कारकून, स्वभावानं गंभीर. तो हसला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं हे मी ओळखलं.

"बाजारात इब्राहिमभाईंकडं जा," यजमानांनी सांगितलं. "खोगीर म्हणा, मोटारीची गादी म्हणा, जे म्हणून कातड्याचं असेल ते शिवतात."

इब्राहिमभाई दुकानाच्या फळीवर बसून एका घोड्याचा लगाम शिवत होते. पिकलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. मी अडखळत सांगितलं की नाक हवंय. त्यांना नवल वाटलं नाही.

"कुनाला?"

अण्णा पुढे झाले. इब्राहिमभाईंनी सुतळी घेतली आणि पायाचं माप घ्यावं तसं अण्णांच्या चेहऱ्याचं माप घेतलं. "हितं तर काईच न्हाई," ते पुटपुटले. मग मला म्हणाले, "किती बोटं पुढं काढू?"

"पाच."

"पाच बोटं! मग ह्यो मानूस पानी कसा पितो?"

हा प्रश्न नाटककाराला पडला होता की नाही कोण जाणे. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. ते शिवणं थांबवून ऐकत राहिले. "आन शेवटी मरतो म्हनता?"

"मरतो. पाचव्या अंकात."

"मग भोकं मोठी ठेवतो. मरायला दम लागतो, मास्तर. जित्या मानसाचं कसंबी भागतं."

दोन तासांत नाक तयार. पातळ मेंढीचं कातडं, आतून कापूस, मागे बारीक बंद, आणि दोन प्रशस्त नाकपुड्या. अण्णांनी ते लावून एक संवाद म्हटला, तर आवाज आधीपेक्षा मोकळा! इब्राहिमभाईंनी मान तिरकी करून आपल्या कामाकडे पाहिलं आणि "आता शोभतंय" म्हणाले. अण्णांना जन्मात पहिल्यांदा कुणी नाकावरून चांगलं म्हटलं असावं. ते नाक न काढताच बाजारातून परत आले.

संध्याकाळचा प्रयोग शाळेच्या पटांगणात. पुढच्या खुर्च्यांवर संस्थानची अंमलदार मंडळी, मध्यभागी एक बडे साहेब, मागे गाव. चार अंक लोण्यासारखे गेले. नाकाला टाळ्या पडल्या, तलवारीला टाळ्या पडल्या, गोविंदाच्या लाजण्याची तर एका बाईनं मागून कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. मी बाजूच्या कनातीआड संवाद पुरवायला बसलो होतो. हे नाटकातलं माझं काम: लिहायचं आणि आडून पुरवायचं. चौथ्या अंकात विलासराव पडला आणि मी पाचव्याचं पान उलटलं.

तेवढ्यात बडे साहेब उठले. नाटकात एवढा शिपाईगडी मेला म्हणजे नाटक संपलं, असा त्यांचा सरळ समज. आणि भोरची रीत अशी की साहेब उठले की सगळ्यांनी उठायचं. खुर्च्या उठल्या, सतरंज्या उठल्या, मागचं गाव उठलं. साहेबांनी अण्णांना स्टेजवर येऊन शाबासकी दिली, हार घातला, आणि "शेवट फार परिणामकारक" असं म्हणून ते गेले. पाचवा अंक आमच्या पोटात राहिला.

"उठले," अण्णा म्हणाले.

"अंक सुरूच झाला नव्हता! हा प्रयोग धरायचा नाही."

"साहेबांना शेवट आवडला, मास्तर. चौथ्याचा." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला भडभडून आलं. आता उरलं होतं फक्त वेल्हे.

भोर ते वेल्हे, शनिवार

नसरापुरापर्यंत मोटार, पुढे दोन बैलगाड्या. आमच्या गाडीचा गाडीवान सखाराम. बैलांशी तो अखंड बोलत होता आणि आमच्याशी विचारलं तरच. मार्गासनीला आंब्याखाली सोबतच्या शिदोऱ्या सोडल्या तेव्हा त्यानं त्याची नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं पुढे केलं. आमच्या पुणेरी पोळ्या आणि बटाट्याची भाजी त्याच्यापुढे अगदीच आजारी माणसाच्या पथ्यासारखी दिसायला लागली. मी भाकरी घेतली, अण्णांनी दोन घेतल्या. सखारामानं आमची पोळी हातात धरून उजेडात बघितली आणि "लई पातळ" एवढं म्हणून खाल्ली.

गुंजवणी नदीला पाणी गुडघाभर. गाडी मजेत उतरली, मधोमध एका दगडावर चाक चढलं आणि मागची पेटी सुटून पाण्यात गेली. त्या पेटीत गॅसच्या दोन्ही बत्त्या होत्या. पेटी काढली, उघडली. आत काचांचा खच होता.

अण्णा नदीत उभे राहूनच ओरडले, "संपलं! बत्तीशिवाय नाटक कसं करायचं?"

सखारामानं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "सूर्य हाय की, पावनं. जत्रा दिसाचीच आस्ती."

"अहो, तिसरा अंक अंधारातला आहे!"

"मग डोळं मिटायचं," सखाराम म्हणाला आणि बैल हाकले.

संध्याकाळी तोरण्याची भिंत समोर उभी राहिली. पुस्तकातला किल्ला आणि हा, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुस्तकातला वाचायला दोन मिनिटं लागतात. ह्याच्याकडे बघताना अण्णा दहा मिनिटं गप्प होते, आणि अण्णांना दहा मिनिटं गप्प मी तरी आधी पाहिलेलं नव्हतं.

उतरलो रामजी पाटलांकडे. साठीचे, काटक, डोक्याला भला थोरला गुलाबी फेटा आणि त्याचा तुरा कानाच्या वर ताठ उभा. जत्रेची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. त्यांच्या पत्नीला सगळं गाव काकी म्हणायचं. काकींनी गुळाचा कोरा चहा दिला. आमच्याकडे दूध नसलेला चहा म्हणजे दारिद्र्य समजतात. इथे त्यात गवती चहाची पात होती आणि दुधाची आठवणही झाली नाही. दुसऱ्या पेल्याला मी धीर करून पाटलांना माझं दुखणं सांगितलं.

"पाटील, आमच्या नाटकात शेवटी नायक मरतो. तेव्हा लोक उठून जातात."

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "मानूस मरताना उठून जात्यात? कुठलं लोक?"

"पुण्याचे."

"आमच्याकडं मानूस जात आसल तर कुनी जागचं हलत न्हाई. जनावराला चारा घालायचा ऱ्हायला तरी चालंल." मला इतका दिलासा वाटला की तिसरा पेला घेतला.

वेल्हे, रविवार

देवीची पालखी मिरवून झाली, जेवणं झाली आणि उन्हं जरा कलल्यावर देवळापुढच्या मोकळ्या जागेत नाटक लागलं. केतकीच्या सज्जासाठी गावकऱ्यांनी शेतातला राखणीचा माळा उचलून आणून उभा केला होता. चार खांब, वर फळ्या. पाखरं हाकायला बसायची ती जागा. गोविंद नऊवारी सावरत शिडीनं वर चढला तेव्हा बायकांकडून, "बया, जपून चढ!" असा कळकळीचा आवाज आला. मी एका पिंपळाआड वही घेऊन बसलो. दिवसाउजेडी पिंपळाआड बसलेला माणूस सगळ्या जत्रेला दिसतो, हे मला बसल्यावर कळलं. दोन म्हाताऱ्यांनी मला रामराम घातला.

पहिल्या अंकात अण्णांची तलवारबाजी. पुण्यात हिला टाळ्या पडतात, कारण पुण्यात तलवार कुणी धरत नाही. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या रामजी पाटलांनी जत्रेत दांडपट्टा फिरवून चाळीस वर्षं काढलेली. दोनच हात झाले आणि त्यांना राहवेना.

"पाय मागं! मागचा पाय!"

अण्णांनी कविता म्हणता म्हणता पाय मागे घेतला.

"आता कंबर! वाकू नका, तलवार वाकंल!"

अण्णांनी कंबर सरळ केली. मला वाटलं अण्णा चिडतील, पण वार असा बसला की समोरच्या गड्याची ढाल खाडकन उडून प्रेक्षकांत गेली. गाव उभं राहून ओरडलं. पाटलांनी शांतपणे मिशीवरून हात फिरवला.

आणि मग तिसरा अंक. संवाद असा: 'काळोखी रात्र आहे, हाताला हात दिसत नाही.' गोविंदानं हे म्हटलं तेव्हा डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यानं हाताची छपरी केली होती. विलासराव झालेला आमचा देखणा दिगंबर माळ्यासमोर उभा. त्याच्या शेजारी, लपलेला म्हणून, पाच बोटं नाकासकट अण्णा स्वच्छ उन्हात उभे. अण्णा बोलायला लागले, दिगंबर मुकाट. सगळं कपट उघड्यावर. आता हशा होणार म्हणून मी डोळे मिटले.

हशा झाला नाही. काकींचा आवाज आला, "पोरगा मुका हाय व्हय?"

"मुका न्हाई," पाटील म्हणाले, "लाजतोय. मध्यस्त बोलतोय की त्येचा. नवऱ्या मुलानं सवता बोलायची रीत हाय का कुठं?"

"व्हय व्हय," मागून माना हलल्या.

मी थक्क झालो. फ्रान्सातल्या त्या नाटककारानं एवढा अंधार, सज्जा, लपाछपी करून जे जमवलं, ते वेल्ह्याला मुळी फसवणूकच नव्हती! सोयरीक अशीच होते. मुलगा गप्प बसतो, वडीलधारा मध्यस्थ मुलाचे गुण सांगतो. अण्णा एकेक वाक्य बोलत होते आणि गाव त्यांना मध्यस्थ म्हणून जोखत होतं. "ग्वाड बोलतोय." "शेतीचं काईच न्हाई सांगितलं." "सांगंल." केतकीनं होकार दिला तेव्हा सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. लग्न लागलं, अक्षता पडल्या, त्या प्रेक्षकांनीही टाकल्या. आणि पाटील वाट बघत राहिले. कशाची ते मला तेव्हा कळेना. अंक संपला तसे ते काकींना म्हणाले, "मध्यस्ताला फेटा बांदला न्हाई गं. नारळबी न्हाई. ही कसली मानसं?"

लग्न जमवणाऱ्याचा मान करायचा राहून गेला, ही टोचणी गावाला लागली. चौथ्या अंकात विलासराव पडला, बायकांनी डोळे पुसले, आणि त्यातही कुणीतरी म्हणालं, "त्याचा मान ऱ्हायलाच."

पाचवा अंक सुरू झाला तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. पुण्यात हा अंधार आम्ही बत्तीला फडकं गुंडाळून करायचो. इथे तो आपल्या पायानं खाली उतरला. पांढऱ्या लुगड्यात गोविंद बसलेला, डोक्याला पट्टी बांधलेले अण्णा काठी टेकत आले, पत्र हातात घेतलं, वाचायला लागले. पिंपळाआड मलाच वहीतलं दिसेना. मी पुरवायचं थांबलो. अण्णांना पुरवायची गरजच पडली नाही. ते बोलत होते, पत्राकडे पाहतही नव्हते.

"आता ह्येला कसं दिसतंय?" काकी हळूच म्हणाल्या.

आणि मग शांतता झाली. जत्रेत, शेकडो माणसांत, पाळण्यांच्या आणि फुग्यांच्या गर्दीत अशी शांतता होते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. एकेकाला कळत गेलं. कुणीतरी, "आरं देवा," म्हणालं. मी ही दोन वर्षं जे एकट्यानं पाहत होतो, ते आज सगळे पाहत होते.

आणि रामजी पाटील उठले.

ते उठले तशी सगळी जत्रा उठली. अगदी भोरसारखी. मी पिंपळाला डोकं टेकलं. संपलं, म्हटलं. चपला. आता चपला शोधतील.

पाटलांच्या पायात चपला होत्याच. ते दोन पावलं पुढे आले, आणखी दोन आले, आणि सरळ रंगभूमीवर चढून मरणाऱ्या अण्णांसमोर उभे राहिले. उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा काढला. साठ वर्षांचा पाटील, सगळ्या गावादेखत उघड्या डोक्यानं उभा.

"पावनं," ते म्हणाले, "लगीन तुमी जमिवलंत. पंदरा वर्सं झाली, मान कुनी केला न्हाई. आन ती बोलनी तुमची सवताची व्हती, हे आमाला आत्ता कळलं. आमच्या गावात आसं चालत न्हाई."

आणि ते फेटा बांधायला लागले. पट्टीवरून, जखमेवरून, एकेक वेढा. काकी ताटात नारळ आणि गूळ घेऊन आल्या. अण्णांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पिंपळाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता विचारलं, "मास्तर, पुढचं वाक्य?"

माझ्याकडे वाक्य नव्हतं. नाटककाराकडेही नव्हतं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा वाक्यावाचून हात जोडले. काकींनी त्यांच्या जिभेवर गूळ ठेवला, नाक बाजूला सारून. नारळ हातात दिला. पाटलांनी तुरा ताठ केला आणि मागे सरले. मग माझ्याकडे, पिंपळाकडे एकवार पाहून, त्यांनी अण्णांना सांगितलं, "आता मरा निवांत. कुनी हलत न्हाई."

सगळी जत्रा पुन्हा खाली बसली.

मी नाटकाचा शेवट असा लिहिला होता की गरुडराव म्हणतो, 'सगळं गेलं, पण माझा तुरा ताठ आहे,' आणि कोसळतो. पुण्यात ह्या वाक्याला लोक हसायचे, कारण डोक्यावर पट्टी असायची आणि तुरा कुठेच नसायचा. तिथे तुरा हवा हे मला कधी सुचलं नाही. वेल्ह्यात अण्णांनी ते वाक्य हळूच, गूळ गिळत म्हटलं, आणि पाटलांच्या फेट्याचा तुरा सगळ्यांना अंधारातही दिसला. अण्णा पडले. कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हातारीनं येऊन त्यांच्या पायाशी दोन फुलं ठेवली, तेव्हा अण्णांचे डोळे मिटलेले असूनही वाहत होते. मीही पिंपळाआड रडलो. आता दिसत नव्हतो, म्हणून मोकळेपणानं.

परतताना, सोमवार

सकाळी निघताना अण्णा फेट्याची घडी घालून पाटलांना द्यायला गेले. पाटील डोक्याला पंचा गुंडाळून बसले होते.

"हे काय? ठेवा, ठेवा. गरुडराव त्यो बांदून गेलेत. गेलेल्याच्या डुईचा फेटा आमी माघारी घेत न्हाई."

"अहो पाटील, मी जिवंत आहे!"

"तुमी हाय, पर ते गेलं न्हवं?" पाटील म्हणाले. अण्णांनी फेटा पुन्हा काखेत धरला. मग पाटील माझ्याकडे वळले आणि कालचा नारळ माझ्या हातात ठेवला. "झाडामागनं तुमी त्येला सबूद देत व्हता, ते आमी बघितलंय. बोलनाऱ्याला मान, आन त्येला सांगनाऱ्याला न्हाई, आसं कसं?"

माझं नाव आजवर कुठल्याही हँडबिलावर आलेलं नाही. नारळ छातीशी धरून मी गाडीत बसलो. मार्गासनी येईपर्यंत अण्णा फेट्याची घडी मांडीवर धरून बसले होते. शेवटी मीच धीर केला.

"अण्णा, मग पाचव्या अंकाचं?"

"मूर्ख आहात का?" अण्णा म्हणाले. "एवढा फेटा मिळालाय. तो बांधायचा कुठे? चौथ्यात?"

सखारामानं बैलांना "हाऽऽ" केलं.

हे सगळं होऊन आता काही महिने झाले. पुण्यात आमचे तीन प्रयोग झाले. भोरच्या नाकानं अण्णा लढतात, पहिल्या अंकात मागचा पाय मागे घेतात आणि पाचव्यात वेल्ह्याचा फेटा बांधून मरतात. पुण्याची माणसं अजूनही चपला शोधायला उठतात. पहिली दोन-तीन माणसं उठली की अण्णा मरता मरता अर्धवट उठून बसतात, फेट्यावर हात ठेवतात आणि गरुडरावाच्या आवाजात म्हणतात, "बसा. आमच्याकडं मानूस जात आसल तर कुनी जागचं हलत न्हाई."

लोक बसतात. मग अण्णा निवांत मरतात.